आवकभाऊ

बाजार समितीच्या फाटकाशी रोज फळा लागतो. तूर, सोयाबीन, हरभरा. आवक इतके क्विंटल, भाव कमीत कमी इतका, जास्तीत जास्त इतका. वऱ्हाडात अग्रलेख न वाचणारा माणूस सापडेल, पण हा फळा न वाचणारा सापडायचा नाही. अमरावती-अकोला रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या दाराशी अगदी तसाच फळा आहे. वर खडूनं तारीख, खाली दोन रकाने: आवक आणि उचल. 'आवक ४३, उचल २' असं एखाद्या दिवशी असतं. त्या दोनांतलं एक पुस्तक ग्रंथपालांनी स्वतःच घरी नेलेलं असतं. दुसरं कोणी नेलं, यावर स्टाफरूममध्ये चहा संपेपर्यंत तर्क चालतात.

हा फळा ज्यांनी सुरू केला त्या आमच्या ग्रंथपालांचं खरं नाव आता पगारपत्रकावरच उरलं आहे. प्राचार्यांपासून गेटवरच्या चौकीदारापर्यंत सगळे त्यांना आवकभाऊ म्हणतात, आणि त्यांनाही ते गोड वाटतं.

ग्रंथपाल म्हटला की कमरेला किल्ल्या, काचेआड पुस्तकं आणि वाचक म्हणजे दिवसाढवळ्या आलेला चोर, हे आपण सगळ्यांनी भोगलेलं आहे. आवकभाऊंचं उलटं. ते वाचकाच्या मागं लागतात. आमचे अर्धे प्राध्यापक ग्रंथालयासमोरचा व्हरांडा टाळून सायकल स्टँडच्या बाजूनं वर्गावर जातात ते उगाच नाही. आणि तिथंही ते भेटले तर इलाज नाही.

अकोल्याला एका लग्नात मी पंगतीत बसलो होतो. वांग्याची भाजी नुकतीच पानात पडली होती, तेवढ्यात मागून हाक आली, "सर, ८९१.४६!"

हा माझा नंबर. मेल्विल ड्युईनं १८७६ मध्ये जगातलं सगळं ज्ञान दशांश चिन्हांत बसवलं आणि त्यात मराठी साहित्याच्या वाट्याला ८९१.४६ आलं. आवकभाऊंना माणसांची नावं आठवत नाहीत, नंबर आठवतात. कापूस म्हणजे ६३३.५१, संत्रा ६३४.३१. त्या लग्नाचा मांडव त्यांच्या लेखी ३९२.५ होता आणि माझ्या पुढ्यातली भाजी ६४१.५.

मी वळलो नाही, कारण वळलं की संपलं. पण शेजारची खुर्ची ओढून ते बसलेच.

"तुमचा माल आला सर. सतरा नग. बाजूले ठेवले हायेत."

"भाऊ, आधी जेवून घ्या."

"जेवन काय, होतेच. कवा येता ते सांगा. सोमवारी?"

"सोमवारी विद्यापीठात बैठक आहे."

"मंग मंगळवारी. मंगळवारी तुमचा तिसरा तास खाली असते."

माझं वेळापत्रक मला पाठ नाही. त्यांना आहे.

नवा खोका आला की त्यांना बघावं. पहिल्यांदा पंखा बंद. मग ब्लेडनं टेप कापायची, बिल बाहेर काढून उजेडात धरायचं, आणि नंतर एकेक पुस्तक. नवं पुस्तक उघडायचीही रीत आहे, आणि ती चुकली की ते खरोखर कळवळतात. कणा टेबलावर टेकवायचा, दोन्ही पुठ्ठे आडवे पाडायचे, मग पुढची चार पानं दाबायची, मागची चार पानं दाबायची, पुन्हा पुढची चार, असं करत करत मधोमध पोचायचं. एकदम मध्येच फाकवलं तर कणा मोडतो आणि वर्षभरात पानं सुटतात. त्यानंतर शिक्के. एक शीर्षकाच्या पानावर, एक शेवटच्या पानावर आणि एक गुप्त पानावर. हे गुप्त पान चोराला कळू नये म्हणून असतं. आमच्याकडं ते ३७ नंबरचं आहे, हे गावातल्या रद्दीवाल्यालाही माहीत आहे, कारण आवकभाऊच सगळ्यांना अभिमानानं सांगतात. परिचराची दोन्ही पदं कितीतरी वर्षं रिकामी, त्यामुळं दाखल रजिस्टरातली नोंद, कण्यावरची चिठ्ठी, तारखेची स्लिप, बारकोड, झाडू, सगळं तेच. उजवा अंगठा आणि पहिलं बोट कायम जांभळं. मतदानाच्या दिवशी केंद्रावरचे कर्मचारी त्यांच्याकडे दोनदा बघतात.

पुस्तकांचा हंगाम मार्चात. जुलैत प्राध्यापकानं शिफारशीचा कागद भरायचा, दिवाळीनंतर ग्रंथालय समिती बसायची, तीन कोटेशनं मागवायची, त्यातलं एक उशिरा यायचं, फेब्रुवारीत ऑर्डर निघायची आणि एकतीस मार्चच्या आत बिल टाकायचं. पुस्तक हातात पडतं तेव्हा ज्यानं ते मागवलं त्याचा एक तर विषय बदललेला असतो किंवा उत्साह. याचं दुःख आवकभाऊंना फार आहे, आणि जून २०२२ मध्ये त्या दुःखावर मीठ पडलं. आमच्याच रस्त्यावर, अमरावती ते अकोला महामार्गावर, ७५ किलोमीटर लांबीचा डांबराचा एक पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. सगळं गाव ते काम बघायला जात होतं. आवकभाऊही रात्रीचे जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी उदास होते.

"साडेचार दिसांत रोड होते सर," ते म्हणाले, "आन पुस्तकाले हापिसातून कपाटात याले आठ महिने. मोजलं म्या. हापिसापासून कपाट चाळीस पावलं हाय."

त्या वर्षी त्यांनी स्वतःहून शिफारस केली ती गिनीज बुकाची. आपला रोड त्यात असेल, पोट्टे निदान तेवढं तरी उघडून बघतील, असा हिशेब. समितीनं 'अभ्यासक्रमाशी संबंध नाही' असा शेरा मारून नामंजूर केलं.

ग्रंथालयात माणसं येत नाहीत, असं मात्र कोणी समजू नये. माणसं येतात. अकोल्याचा मे महिना पंचेचाळीसच्या पुढं जातो आणि आमच्या गावाची तऱ्हा काही वेगळी नाही. कॉलेजात धड चालणारा कूलर एकच आणि तो ग्रंथालयात. एप्रिल लागला की आवकभाऊ नव्या पुस्तकांची मांडणी उचलून नेमका कूलरच्या तोंडाशी ठेवतात. गार वाऱ्याला उभं राहायचं तर हात कशाला तरी लावावा लागतो, मग माणूस पुस्तक चाळल्यासारखं करतो, आणि आवकभाऊ मागं येऊन उभे राहतात. ओल्या वाऱ्यानं कागद फुगतो, पुठ्ठे वाकतात, हे त्यांना आमच्या कोणाहीपेक्षा चांगलं कळतं. एकदा मी तसं म्हणालोही. "कागद वाकडा झाला त् सरळ करता येते," ते म्हणाले आणि पुढं काही बोलले नाहीत.

अभ्यासिकाही भरलेली असते. सकाळी सातपासून पोट्टे रांग लावतात. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती. प्रत्येकाची पाण्याची बाटली आपली, गाईड आपलं, चार्जर आपला. भिंतीवरच्या प्लगसाठी भांडणं होतात आणि ती सोडवायला आवकभाऊंनाच जावं लागतं. शंभर-सव्वाशे मुलं कपाटांकडं पाठ करून बसलेली, आणि कपाटांत तीस हजार पुस्तकं. नॅकची समिती आली तेव्हा हजेरीचं रजिस्टर बघून खूष झाली. आवकभाऊंनी त्यांना खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तोच प्राचार्यांनी चहा मागवला.

रंगनाथनांचा फोटो त्यांच्या खुर्चीमागं आहे. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, हार पडतो. १९३१ साली रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यातला तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हा, आवकभाऊंच्या गळ्यात अडकला आहे. चौथा आणि पाचवा त्यांनी वाचले असतील, पण पुढं सरकलेले मी तरी पाहिले नाहीत.

उचल कमी असण्याला थोडे ते स्वतःही जबाबदार आहेत, हे मित्र म्हणून सांगायला हवं. पुस्तक हातात देता देता ते त्यातला सगळा मुद्दा सांगून टाकतात. लेखकाचं म्हणणं काय, त्यात खोट कुठं आहे, तिसरं प्रकरण का सोडून द्यावं, परिशिष्ट का सोडू नये. एवढं ऐकल्यावर पुस्तक घरी न्यायचं कशाला? आमच्या अर्थशास्त्राच्या एका सरांनी दोन चर्चासत्रं नुसत्या आवकभाऊंच्या बोलण्यावर मारून नेली. संदर्भ विचारला तेव्हा मात्र पळत आले.

छापील मालाची ही कथा, तर न दिसणाऱ्या मालाची विचारू नका. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टवर कॉलेजांना सहा हजारांवर नियतकालिकं आणि लाखांनी ई-पुस्तकं वाचता येतात. आवकभाऊंनी प्रत्येक प्राध्यापकाचं खातं काढलं, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून हातात दिला, आणि तो हरवणार हे ठाऊक असल्यानं दुसरी प्रत आपल्या शर्टाच्या खिशात ठेवली. पहाटे पाच चाळीसला स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा संदेश पडतो: 'आजची आवक, ऑनलाईन.' खाली सात-आठ दुवे. त्यावर अंगठे येतात, हात जोडलेले येतात, एकदा कोणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छाही दिल्या. दुवे उघडणारा माणूस वर्षातून एकदाच सापडतो: पदोन्नतीचा फॉर्म भरायचा असतो तेव्हा. मग "भाऊ, हे जर्नल केअर यादीत आहे का?" अशी विचारणा व्हायची. २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीनं चांगल्या नियतकालिकांची ती यादीच बंद केली. त्या दिवशी फळ्याशेजारी आवकभाऊंनी कागद चिकटवला की आता नियतकालिक चांगलं की वाईट हे वाचूनच ठरवावं लागेल. स्टाफरूममध्ये दोन दिवस सुतक होतं.

त्याच वर्षी १ जानेवारीपासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं. तीन वर्षांना सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं. आवकभाऊंनी पेढे आणले. मग कळलं, पहिल्या टप्प्यात ही सोय सरकारी संस्थांना. खाजगी संस्थेच्या कॉलेजनं वाट बघायची. पेढे वाटून झाले होते. आता ते कधीमधी शनिवारी अमरावतीला, गाडगेबाबा विद्यापीठात जातात, तिथल्या ज्ञानस्रोत केंद्रात बसतात आणि आपल्याला काय मिळत नाही ते तपशीलवार बघून येतात. सोमवारी फळ्यावर तिसरा रकाना असतो: 'हुकलेली आवक.'

संशोधक विद्यार्थी हा त्यांचा हळवा कोपरा. नवा संशोधक दारात आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "सर, माझ्या विषयावर तयार काही आहे का?"

"तयार हॉटेलात भेटते," हे उत्तरही ठरलेलं. तरी खुर्ची देतात, शोधगंगेवरचे जुने प्रबंध उघडून देतात आणि आधी कोणी काय केलं ते वाचायला बसवतात. वाङ्मयचौर्याचा यूजीसीचा नियम २०१८ चा. दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ, पुढं शिक्षा वाढत जाते. एकाचा मराठी प्रबंध साम्य तपासणाऱ्या यंत्रातून शून्य टक्के साम्य घेऊन बाहेर आला. पोरगा हरखला, मार्गदर्शक हरखले, घरी फोन गेले. आवकभाऊ चष्मा वर करून पडद्याकडं बघत राहिले. प्रबंध जुन्या फॉन्टात टाईप केलेला होता; त्या यंत्राला ती अक्षरं अक्षरं म्हणून वाचताच आली नव्हती.

"हे शून्य तुमचं नाई बापा," ते म्हणाले, "फॉन्टाचं हाय."

युनिकोडमध्ये फिरवल्यावर चोपन्न टक्के निघाले. पोरगा दोन महिने त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या महिन्यात आला, तेव्हा आवकभाऊंनी टेबलावर जुनी गठडी मांडून ठेवली होती: लायलचं १८७० चं वऱ्हाडचं गॅझेटियर, अकोल्याचं १९१० चं, अमरावतीचं १९११ चं, आणि यादव माधव काळ्यांचा १९२४ चा 'वऱ्हाडचा इतिहास'. "वऱ्हाडावर लिवता आन काळे उघडले नाई? मंग चोपन्न टक्के येईन नाई त् काय होईन?" पोरगा बसला, वाचत गेला, परत लिहीत गेला. आता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो.

संशोधकाला बसवलं की त्या बैठकीत म्हाइंभट येतातच. तेराव्या शतकात, आपल्याच मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या, नागदेवाचार्यांपुढं पडताळून घेतल्या, तेव्हा 'लीळाचरित्र' उभं राहिलं. "ना ग्रँट, ना फेलोशिप," आवकभाऊ म्हणतात, "आन फिल्डवर्क पाहा." पुढं चक्रधरांच्या महानुभाव पंथानं पोथ्या सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत लिहून ठेवल्या, तो आवकभाऊंच्या मते वऱ्हाडातला पहिला पासवर्ड, आणि तोही लोकांनी हरवलाच. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाल्यापासून त्यांना तिथल्या कपाटांत काय येतंय याची चिंता लागली आहे. आपल्या कपाटांची कमी होती म्हणून.

पण मी त्यांना खरं ओळखतो ते एका दुपारी घडलेल्या वेगळ्याच गोष्टीमुळं. मोर्शीकडचे एक काका मुलीच्या फीचं काही विचारायला कॉलेजात आले होते. हापिसात जेवणाची सुट्टी होती, तेव्हा गार म्हणून ग्रंथालयात येऊन बसले. टोपी मांडीवर, हातात पिशवी. आवकभाऊंनी सवयीनं विचारलं, "काका, काय पाह्यजे?"

"काई नाई जी. बसलो होतो."

"शेती?"

"संत्रा हाय. आंबिया बहार. पर गळ लय होऊन राह्यली औंदा."

"६३४.३१," आवकभाऊ स्वतःशीच म्हणाले आणि उठले.

कृषिकोशावर देशभरच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेले आहेत. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासूनचं. तिथल्या विद्यार्थ्यांनी संत्र्याच्या झाडांपाशी बसून केलेलं काम त्या साठ्यात पडून आहे, इंग्रजीत. आवकभाऊंनी एक प्रबंध काढला, काकांना शेजारी घेतलं आणि पडद्यावरून एकेक परिच्छेद वऱ्हाडीत सांगायला सुरुवात केली. फवारा कशाचा, कधी, किती पाण्यात, कोणत्या बागेत काय झालं. काका मध्येच अडवत होते. "ती बाग कोनत्या जमिनीतली? हलकी का भारी?" आवकभाऊंनी मागची पानं उलटून जमीन शोधून काढली. "ठिबक होतं का त्यांच्यापाशी?" तेही शोधलं. इतके नेमके प्रश्न मी पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत ऐकलेले नाहीत. हापिस उघडलं, पुन्हा बंद झालं, दोघं तिथंच. शेवटी नऊ पानं छापून दिली, दुमडू नका म्हणून पुठ्ठ्यात घालून.

पुढच्या आठवड्यात काका शेजाऱ्याला घेऊन आले. त्याच्या झाडांना डिंक्या लागला होता. पुन्हा नऊ-दहा पानं. हिशेबनिसानं हरकत घेतली: बाहेरचा माणूस, सभासद नाही, कागद संस्थेचा. आवकभाऊंनी खिशातून पैसे काढून पावती मागितली. हिशेबनिसाजवळ अशा पावतीचं पुस्तकच नव्हतं, म्हणून विषय तिथं मिटला. आता त्या भागातले तीन-चार बागाईतदार त्यांना सरळ फोन करतात. हेच एक गिऱ्हाईक असं आहे की ज्याला आवकभाऊ हाक मारत नाहीत, उलट तेच आवकभाऊंना हाक मारतं. त्यांच्या नावानं फळ्यावर उचल लावता येत नाही, कारण सभासद क्रमांक नाही; ते त्यांना खटकतं.

येत्या जूनअखेर आवकभाऊ निवृत्त होत आहेत. स्टाफरूममध्ये सुटल्याची भावना आहे, ती मी लपवणार नाही. पहाटेचा मोबाईल थांबेल, व्हरांडा मोकळा होईल. ग्रंथपालाचं पद पुन्हा भरायला परवानगी मागितली आहे. ती येईपर्यंत ग्रंथालयाच्या किल्ल्या हिशेबनिसाकडं राहतील, असं प्राचार्यांनी बैठकीत सांगितलं. हिशेबनीस पुस्तक मोजतो, दाखवत नाही. आवकभाऊंसारखा माणूस चिकट असतो, वेळकाळ बघत नाही, जेवू देत नाही, हे सगळं खरं. आणि त्याच्याइतकं आम्हाला कामाचं दुसरं कोणी या इमारतीत नाही, हेही तितकंच खरं. बडनेऱ्यापासून बोरगाव मंजूपर्यंतच्या पट्ट्यात असे दोन-चार अजून असतील. तुमच्या कॉलेजात, तुमच्या गावच्या वाचनालयात असा कोणी असला तर त्याचा फोन घेत जा. पाच मिनिटं जातील, फार तर वीस.